सहा पायांचा साधा चालणारा रोबो: आधी तोल, मग मोटारी

तुम्ही लिहिले आहे की आठवीतल्या मुलीबरोबर आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) आणि आठ एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटारी) वापरून चार पायांचा रोबो जोडला, तो नीट उभा राहतो, पण एक पाय उचलला की कलंडतो आणि दोन-तीन सर्व्हो एकदम हलले की उनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या दोन तक्रारींचा परस्परांशी संबंध नाही आणि दोन्हींचे मूळ प्रोग्रॅममध्ये नाही, म्हणून प्रोग्रॅम बदलत बसू नये.

प्रथम कलंडण्याविषयी. चौकोनी मांडणीतल्या चार पायांपैकी एक उचलला की उरलेल्या तीन पावलांचा त्रिकोण होतो. वजन सारखे वाटलेले असेल तर गुरुत्वमध्य चौकोनाच्या केंद्रावर, म्हणजे नेमका त्या त्रिकोणाच्या कडेवर येतो, आणि बॅटरी अर्धा सेंटिमीटर जरी उचललेल्या पायाकडे असली तरी रोबो त्याच बाजूला पडतो. चार पायांच्या रोबोला प्रत्येक पाय उचलण्यापूर्वी धड विरुद्ध बाजूला सरकवावे लागते. ते शक्य आहे, परंतु पहिल्या प्रयत्नासाठी हे काम मी कोणाला सुचवणार नाही. दोन पायांचा तर विचारही सध्या नको.

माझा सल्ला असा की आठपैकी तीनच सर्व्हो घ्यावेत आणि पाय सहा करावेत. मुंगी किंवा झुरळ साधारणपणे एका बाजूचा पुढचा व मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय टेकवून उरलेले तीन उचलते. या तिपाईत गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या बराच आत राहतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी हालचाल थांबली तरी रोबो उभाच राहतो.

तीनपैकी एक सर्व्हो धडाच्या मध्यभागी बसवून त्याचा आस धडाच्या लांबीच्या दिशेने ठेवावा आणि त्याच्या हॉर्नवर (आसावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर) दोन्ही बाजूंना उतरणारी एकच वाकवलेली तार बसवावी. हे झाले मधले दोन पाय. उरलेले दोन सर्व्हो मागच्या बाजूस, आस उभा आणि हॉर्न खाली अशा रीतीने बसवावेत. त्यांच्या हॉर्नवर मागचे पाय थेट येतात, तर पुढचे पाय स्क्रूभोवती मोकळे फिरतात आणि दोन्ही पायांना लावलेल्या सारख्या लांबीच्या हातांमधून (छोट्या आडव्या दांड्यांमधून) गेलेल्या आडव्या तारेने त्याच बाजूच्या मागच्या पायाशी जोडले जातात. आडव्या तारेची लांबी दोन्ही आसांमधल्या अंतराइतकीच हवी, म्हणजे समांतरभुज चौकोन तयार होऊन दोन्ही पाय एकाच दिशेने सारखेच फिरतात.

पायांसाठी सायकलचे जुने आरे उत्तम. ती सुमारे दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार पकडीने वाकते आणि ओझ्याने वाकत नाही. हॉर्नला आरा बारीक तारेने बांधून वर एमसील लावावे, कारण नुसता फेविक्विकचा जोड पहिल्या दिवशीच सुटतो. धडाला पाच मिलिमीटरचा सनबोर्ड चालतो. मात्र स्क्रूची भोके त्यात हळूहळू मोठी होतात, तेव्हा तिथे प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बसवावा. पावलांना सायकलच्या ट्यूबचे रबर लावावे. मधल्या पावलांना तर ते लागतेच, त्याचे कारण पुढे येईल.

आता ताकदीचा हिशेब, जो बहुतेक जण करत नाहीत. एसजी९० सर्व्होचा टॉर्क (फिरवण्याची ताकद, म्हणजे वजन गुणिले आसापासूनचे अंतर) ४.८ व्होल्टला सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर सांगितला जातो, पण हा आकडा सर्व्हो जागीच अडकण्याच्या क्षणाचा असतो. रोजच्या कामाला त्याचा अर्धाच धरावा. रोबोचे वजन २५० ग्रॅम असेल आणि सगळी पावले मध्यरेषेपासून सहा सेंटिमीटरवर असतील, तर मधल्या पावलावर निम्मे म्हणजे १२५ ग्रॅम वजन येते आणि लागणारा टॉर्क ०.७५ किलोग्रॅम-सेंटिमीटर होतो. हे अर्ध्याच्या आत बसते. देखणे दिसावे म्हणून पाय दहा सेंटिमीटर पसरले तर तो १.२५ होतो, सर्व्हो गुणगुणू लागतो, तापतो आणि शेवटी त्यातले प्लास्टिकचे दाते तुटतात.

उनो पुन्हा सुरू होण्याचे कारण विजेचा पुरवठा. अडकलेला एकेक सर्व्हो अर्धा अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढू शकतो. यूएसबीवरून चालणाऱ्या उनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला आठ सर्व्हो पेलत नाहीत, व्होल्टेज कोसळते आणि उनोवरचा मायक्रोकंट्रोलर (मुख्य चिप) स्वतःला रीसेट करतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही इथे निरुपयोगी, कारण इतका प्रवाह देण्यासाठी ती बनवलेलीच नाही. चार्ज होणारे चार एए निकेल-मेटल हायड्राइड सेल ओळीने जोडले की बरोबर ४.८ व्होल्ट मिळतात. त्यांच्या दोन्ही तारा थेट सर्व्होंना द्याव्यात, सर्व्होंजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग) लावावा आणि सेलची ऋण बाजू उनोच्या ग्राउंडला (जीएनडी लिहिलेल्या पिनेला) अवश्य जोडावी. ती राहिली तर सर्व्हो वेडेवाकडे थरथरतात. उनोलाही याच सेलवरून ५ व्होल्टच्या पिनेतून वीज द्यायची असेल तर प्रोग्रॅम चढवताना ती तार काढून ठेवावी.

हॉर्न बसवण्यापूर्वी तिन्ही सर्व्होंना ९० अंशांची, म्हणजे मधल्या स्थितीची, आज्ञा द्यावी आणि मगच पाय सरळ धरून स्क्रू आवळावा. त्या स्थितीत मधली पावले जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहिली पाहिजेत.

चालीचे टप्पे चारच आहेत. डावे मधले पाऊल खाली दाबले की डावीकडचे पुढचे-मागचे पाय उचलले जातात. मग ते पुढे जातात आणि टेकलेले उजवे पाय मागे रेटतात. त्यानंतर मधला सर्व्हो दुसरीकडे कलतो. आणि उजवे पाय पुढे, डावे मागे जातात. मधला सर्व्हो दोन्हीकडे २० अंश आणि बाजूचे २५ अंश फिरले तरी सुरुवातीला पुरे. मधले पाऊल स्वतः पुढे-मागे होत नसल्याने धड त्याच्याभोवती किंचित फिरते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि रोबो डुलत पुढे जातो. ते पाऊल घसरले तर नुसतेच जागच्या जागी पाय मारणे होते. रबराचा आग्रह त्यासाठीच.

डाव्या बाजूच्या सर्व्होची दिशा उलट केली की रोबो डावीकडे वळतो, उजव्याची केली की उजवीकडे, आणि दोन्हींची केली तर मागे येतो. हे बदल मुलीलाच प्रोग्रॅममध्ये करू द्यावेत. उरलेल्या पाच सर्व्होंपैकी एकावर पुढे अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर फिरवता येईल, मात्र त्याचे वजन वरच्या हिशेबात धरून मगच.