जमाबंदी, जमावबंदी आणि मधला ‘व’

सेलूच्या एका वाचकांनी विचारलंय: “तलाठी म्हणतात, जमाबंदी चालू आहे, नंतर या. पेपरात बातमी असते, जिल्ह्यात जमावबंदी लागू. हा एकच शब्द आहे आणि कुठंतरी ‘व’ सुटलाय का? आणि बंदी म्हणजे मनाई, तर जमाबंदीत मनाई कशाची?”

‘व’ सुटलेला नाही. दोन्ही शब्द बरोबर आहेत आणि त्यांचा पहिला भाग मुळात एकच आहे. अरबीतून आलेला ‘जमा’, त्यावरून आपण केलेलं ‘जमणे’ आणि जमण्यावरून ‘जमाव’. एकीकडं पैसा जमतो, दुसरीकडं माणसं. खरा फरक पुढच्या ‘बंदी’त आहे.

फारसीत ‘बंद’ म्हणजे बांधणं, बांध, गाठ. त्यावरून झालेल्या ‘बंदी’चा अर्थ बांधणी, आखणी, घडी बसवणं. तटबंदी, मोर्चेबंदी, बैलांची नालबंदी, यांत मनाई कुठंच नाही. जमाबंदीही याच घरातली. गावाचा वर्षाचा सारा किती, वसूल किती, बाकी किती, याची ताळाजुळव करून हिशेब बांधून टाकायचा. महसुली वर्ष 31 जुलैला संपतं, म्हणून पावसाळ्यात तलाठी त्यात अडकलेले असतात. पुण्यात जमाबंदी आयुक्त बसतात, ते जमाव पांगवायला नव्हे.

मनाईची ‘बंदी’ हीदेखील त्याच मुळावरची फांदी. बांधलं की मोकळं राहत नाही, इतकी ती सरळ आहे. दारूबंदी, संचारबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नोटाबंदी असे आज कानावर पडणारे बहुतेक शब्द या फांदीचे आहेत. ही फांदी इतकी वाढली, की तुमच्यासारख्या जाणत्या माणसालाही जमाबंदीत मनाई शोधावीशी वाटली. यात चूक तुमची नाही. सरकारशी गाठ पडली की आपल्याला पहिल्यांदा ‘करू नका’ हेच ऐकू येतं.

हा बदल एकाच शब्दात बघायचा असेल तर ‘जिल्हाबंदी’ घ्या. आपल्या मराठवाड्याला हा शब्द फार जुना आहे. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 साली राज्यात जी व्यवस्था आणली, तिचं नावच जिलाबंदी. तोवर वसुली ठेक्यानं दिली जायची. ती पद्धत मोडून त्यांनी मुलूख जिल्ह्यांत बांधला आणि पगारी अधिकारी नेमले. म्हणजे जिल्हाबंदी हे सरकारनं स्वतःला लावलेलं वळण होतं. रयतेनं काय करू नये, हा त्यातला मुद्दाच नव्हता.

आणि 2020 ची जिल्हाबंदी आठवा. त्या उन्हाळ्यात परतूर तालुक्यात माझी मावशी वारली. आमचं गाव सेलू तालुक्यात, मधे जिल्ह्याची हद्द. नाक्यावर आडवा बांबू टाकलेला आणि त्याला पांढरं उपरणं बांधलेलं. ई-पास नव्हता. मोबाइलवर फॉर्म भरायचा म्हटलं तर रेंज येत नव्हती. आईनं हात जोडले, बांबू हलला नाही. शेवटी गाडी तिथंच लावून आम्ही धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलो. पोचलो तेव्हा चिता विझत आली होती. साथ खरी होती, गर्दी टाळायला हवी होती, हे मी मान्य करतो. पण घरातलं कोण गेलं तर जावं आणि कोण गेलं तर जाऊ नये, हे एका फॉर्मच्या रकान्यांनी ठरवावं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता तुमची पेपरातली जमावबंदी. तिचे दोन उगम आहेत. एक जुनं कलम 144, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 163 झालं. दुसरं 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम 37. जिल्हा प्रशासनाच्या बातम्यांत बहुतेकदा हे दुसरं असतं. ते मुळातून वाचा. तलवारी-भाले तर त्यात आहेतच, पण काठी आहे, गाणी म्हणणं आहे, वाद्य वाजवणं आहे, हावभाव करणं आणि सोंग आणणंसुद्धा आहे. ज्या मुलखात भारुडं आणि गोंधळ रात्ररात्र चालतात, तिथं हावभावांवर आदेश निघू शकतो! पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ आदेश ठेवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते, म्हणून आपल्या जिल्ह्यांत पंधरवड्याचे आदेश एकामागून एक निघत राहतात. अपवादासाठी नेमलेली गोष्ट अशी रोजची झाली, की ‘जमावबंदी’ वाचून कुणी दचकतही नाही. मला ही सवय जास्त घातक वाटते.

‘बंदोबस्त’ही याच वाटेनं गेला. निजामी अमलात बंदोबस्त म्हणजे जमिनीची मोजणी करून सारा ठरवणं. आज चौकात उभे पोलीस म्हणजे बंदोबस्त, आणि “त्याचा बंदोबस्त करतो” ही तर धमकीच.

उलट दिशेनं गेलेला एक शब्दही सांगतो. 2023 साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या गावागावांच्या वेशीवर पाट्या लागल्या, ‘पुढाऱ्यांना गावबंदी’. बंदी घालणारे गावकरी आणि अडवलेले पुढारी. शब्द तोच, घालणारा हात बदलला.

दोन बंद्या वेगळ्या ओळखायच्या तर क्रियापद लावून बघा. मनाईची बंदी ‘उठते’. संचारबंदी उठली, जमावबंदी उठली असं आपण सहज म्हणतो. तटबंदी ढासळते, पण उठत नाही. जमाबंदी उठली असं कुणी म्हणत नाही, ती पुरी होते. नाकाबंदी मात्र दोन्हीकडं पाय ठेवून आहे, नाके बांधतातही आणि ती उठतेही. तेव्हा तलाठ्यांना विचारताना “जमाबंदी कधी उठणार” असं नको, “कधी पुरी होणार” असं विचारा.