शिवारातली डीपी पुन्हा पुन्हा का जळते?

प्रश्न : आमच्या शिवारातल्या डीपीवरचे ६३ केव्हीए क्षमतेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) वर्षभरात तिसऱ्यांदा जळाले. दर वेळी दुरुस्त केलेले रोहित्र आणून बसवतात आणि उसाला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत पुन्हा धूर निघतो. दुरुस्तीच निकृष्ट असते, असे गावाचे म्हणणे आहे. ते खरे का?
— एक शेतकरी, नेवासे तालुका

उत्तर : आपला संशय निराधार नाही. नव्याने गुंडाळलेली कॉइल भट्टीत नीट सुकवली नाही, तर तिच्या कागदी आवरणात ओल राहते आणि असे रोहित्र लवकर दगा देते. मात्र तिन्ही वेळा तेच घडले असेल, तर आधी डीपीवरच्या मोटारी मोजाव्यात. ६३ केव्हीएच्या रोहित्रातून प्रत्येक फेजवर सुमारे ८४ अँपिअर प्रवाह सलग घेता येतो. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे अकरा मोटारींतच हिशेब संपतो. आपण संख्या कळवलेली नाही, पण आकडे टाकून चालणाऱ्या आणि कागदावर तीन, प्रत्यक्षात पाच अश्वशक्तीच्या असलेल्या मोटारी धरल्या, तर एकोणीसचा आकडा गाठणे अवघड नाही, आणि तेव्हा प्रवाह १४२ अँपिअरवर जातो. एवढ्या भाराने तेल व कॉइल तापून आवरणाचा कागद हळूहळू करपत जातो, त्यामुळे धूर ज्या दिवशी दिसतो त्याच्या कितीतरी आधी बिघाड सुरू झालेला असतो.

यात भर घालतो तो ऑटोस्विच. रात्री लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि थेट सुरू होणारी मोटार त्या काही सेकंदांत नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. बिबट्याच्या भीतीने रात्री बांधावर कोण जाणार, हे मलाही समजते. म्हणून ऑटोस्विच काढाच, असा हट्ट न धरता, स्टार्टरला टायमर बसवून प्रत्येकाने दोन-दोन मिनिटांचे अंतर ठेवावे, असे सुचवतो. मोटारींना योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसवल्यासही रोहित्रावरचा प्रवाह बराच उतरतो.

आता किटकॅटकडे, म्हणजे फ्यूजची तार बसवलेल्या खाचेकडे पाहा, अर्थात कुंपणाबाहेरूनच. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार किंवा तारांचा पुंजका भरलेला असेल, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वितळण्याची पाळी रोहित्रावर येते. ती तार वायरमनकडूनच बदलून घ्यावी. डीपीत स्वतः हात घालू नये. तेलाच्या टाकीला जोडलेल्या छोट्या डबीतले सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले असेल, तर ते ओलाव्याने भरले असून हवेतली ओल तेलात उतरू लागली आहे, असे समजावे.

वीज कंपनीला अर्ज करताना केवळ ‘रोहित्र बदलून द्या’ असे लिहू नये. सर्व मोटारी चालू असताना टाँगटेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखे लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा, अर्थिंग तपासावे आणि भार जास्त आढळल्यास १०० केव्हीएचे किंवा दुसरे जादा रोहित्र मंजूर करावे, अशी मागणी करून पोच घ्यावी. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेची मानके राज्य नियामक आयोग ठरवतो आणि ती न पाळल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. तेव्हा रोहित्र जळल्याची तारीख-वेळ आणि तक्रार क्रमांक त्याच दिवशी वहीत नोंदवून ठेवावा.