नाताळसाठी मसालेदार फळांचा केक रम न घालता, छोट्या ओटीजीत कसा करावा?

तुमचे प्रश्न तीन आहेत. घरात दारू चालत नाही, मग फळं कशात आणि किती दिवस आधी भिजवायची? केक दरवेळी कोरडा का होतो? आणि घरच्या लहान ओटीजीत हा केक आतपर्यंत भाजला जातो का? तिसऱ्याचं उत्तर लगेच देते: होतो, आणि छान होतो. पहिले दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे तिथे जरा सविस्तर लिहिते.

या केकमध्ये फळं वरून घालायची गोष्ट नाही, फळं हाच केक आहे. मी खाली जे प्रमाण देतेय त्यात 500 ग्रॅम फळं आहेत आणि मैदा फक्त 175 ग्रॅम. मैदा, अंडी, लोणी हे सगळं त्या फळांना धरून ठेवण्यापुरतं. म्हणून सगळा जीव फळांवर लावायचा. सुकी फळं तशीच कोरडी मिश्रणात गेली, तर भाजताना आणि नंतर डब्यात असतानाही ती आजूबाजूच्या केकमधला ओलावा शोषत राहतात. पहिल्या दिवशी बरा वाटलेला केक तिसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो तो यामुळे. फळं आधीच पोटभर पाणी प्यालेली असतील, तर उलटं होतं: ती केकला हळूहळू ओलावा देतात.

आता भिजवण्याबद्दल. इंग्लंडमध्ये हा केक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भाजून ठेवतात आणि नाताळपर्यंत त्याला अधूनमधून चमचा चमचा ब्रँडी पाजतात. पुडिंग ढवळायचा त्यांचा ठरलेला रविवार, स्टर-अप संडे, दरवर्षी 20 ते 26 नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांतही या सुमाराला फळं दारूत कालवण्याचा कार्यक्रम असतो. हे वेळापत्रक दारूचं आहे. दारू आणि साखर मिळून फळं टिकवतात, म्हणून ती महिना-दोन महिने मुरू शकतात. संत्र्याच्या रसाला हे जमत नाही. रसात भिजवलेली फळं चार-पाच दिवस बाहेर राहिली तर आंबतात. म्हणून रम नसेल तर महिनाभर आधी भिजवण्याच्या भानगडीत पडू नका. एक रात्र पुरते, फक्त फळं आधी रसात गरम करून घ्यायची.

आणि रस वापरतोय म्हणजे खऱ्या केकची नक्कल करतोय, असं मनातही आणू नका. केरळमध्ये तलश्शेरीला मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने 1883 साली तिथल्या इंग्रज मळेवाल्यासाठी पहिला नाताळ केक केला, अशी हकीकत सांगतात. तीत तो ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची तिथलीच दारू वापरतो आणि मसाले मलबारचे घालतो. तिकडे अलाहाबादच्या केकमध्ये पेठा, मुरंबा, साजूक तूप, बडीशेप आणि जायपत्री जाते. जिथे हा केक गेला तिथे बाजारात जे चांगलं मिळतं ते त्याने पोटात घेतलं. आपल्याकडे तर याच दिवसांत नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार बाजारात असतो. माझ्या मते महाराष्ट्रात नाताळचा केक संत्र्यावरच उभा राहावा.

संत्री सात-आठ आणा. चारांची साल मुरवायला, आणि बाकीची रसाला. बाजारात मिळणारी टुटीफ्रुटी कृपा करून घालू नका. ती रंगवलेली कच्ची पपई असते. तिला गोडीपलीकडे चव नाही, आणि या केकला गोडीची नाही तर किंचित कडवटपणाची गरज असते. ती संत्र्याच्या सालीतून येते. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ असते, त्यामुळे काम सोपं. सालीच्या आतला पांढरा पापुद्रा चमच्याने जेवढा निघेल तेवढा खरवडून काढा आणि सालीच्या बोटाएवढ्या लांब, बारीक पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, दहा मिनिटं उकळू द्या, ते पाणी फेकून द्या. पुन्हा एकदा तसंच करा. दुसरं पाणी चाखून बघा: जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा कडूपणा त्यात असेल, तर तिसऱ्यांदा उकळा. मग 150 ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात पट्ट्या मंद आचेवर शिजवा. सुरुवातीला त्या मळकट दिसतात. अर्ध्या-पाऊण तासाने त्या काचेसारख्या आरपार दिसायला लागतात आणि पाक चमच्यावरून जड थेंबांनी पडतो. तिथे गॅस बंद. पट्ट्या ताटलीत पसरून रात्रभर सुकू द्या आणि खाली उरलेला पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तो पाक हीच तुमची रम आहे, त्याकडे नंतर येते. हे काम केकच्या आठवडाभर आधी करून टाकलं तरी चालतं.

बाकीची फळं: 150 ग्रॅम काळ्या मनुका, 150 ग्रॅम बेदाणे, 75 ग्रॅम खजूर, 50 ग्रॅम सुके अंजीर, आणि वरची संत्र्याची साल 75 ग्रॅम. बेदाणे सांगली-तासगावचे घ्या, त्यांना हलका आंबटपणा असतो आणि या केकला तो हवा असतो. एक गोष्ट मात्र आवर्जून करा. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ती वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवतात. शिवाय मनुका एकमेकींना चिकटू नयेत म्हणून बरेचदा वरून तेलाचा हात दिलेला असतो. म्हणून मनुका, बेदाणे कोमट पाण्यात चोळून दोनदा धुवा आणि फडक्यावर कोरडे करा. धुतलेलं पाणी बघितलंत की का सांगितलं ते कळेल. तेलकट सालीतून रस आत शिरायलाही वेळ लागतो.

खजूर-अंजीर बेदाण्याएवढे चिरा. सगळी फळं जाड बुडाच्या पातेल्यात घालून 150 मिली ताजा संत्र्याचा रस, दोन चमचे दूध न घातलेला कडक चहा आणि एका लिंबाचा रस घाला. चहा विचित्र वाटेल, पण रममध्ये जो तुरटपणा असतो तो चहा देतो, आणि चहाचा वास शेवटी येत नाही. मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत गरम करा, झाकण ठेवून गार होऊ द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बेदाणे फुगून गुळगुळीत झालेले दिसले पाहिजेत आणि पातेलं तिरकं केल्यावर तळाशी रस जमायला नको. जमला तर निथळून घ्या. हा मोकळा रस मिश्रणात गेला की ते पातळ होतं आणि फळं तळाशी जातात. फळांना मैदा चोळून घेतल्याने ती बुडत नाहीत असं सगळीकडे सांगतात. त्याने थोडाफार फरक पडतो, पण खरा इलाज घट्ट मिश्रण हाच.

रंगासाठी साखर जाळावी लागते. आपल्या बेकऱ्यांमधल्या नाताळ केकचा तो काळपट तपकिरी रंग आणि पाठीमागे राहणारी कडसर चव यातूनच येते. 100 ग्रॅम साखर जाड पॅनमध्ये पसरा, मध्यम आच, चमचा घालू नका, फक्त पॅन फिरवा. आधी कडा वितळतात, मग सगळी साखर मधाच्या रंगाची होते. बरेच जण इथे थांबतात, पण इथे थांबलात तर केक फिकाच राहील. रंग तांब्याच्या भांड्यासारखा होऊन पुढे गडद होतो, बारीक फेस वर येतो आणि धुराची पहिली रेघ निघते. त्या क्षणी गॅस बंद करून कडेने 75 मिली गरम पाणी ओता. गरमच घ्या, गारने साखरेचे गोळे होतात. जोरात उसळतं, म्हणून हात लांब ठेवा आणि मुलांना ओट्यापासून दूर ठेवा. यातले तीन मोठे चमचे केकला लागतील, उरलेलं बरणीत महिनाभर टिकतं.

मसाल्याला तयार पुडी आणू नका. एक चहाचा चमचा दालचिनी पूड, चार लवंगा, जायपत्रीची एक पाकळी, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा बडीशेप हे सगळं एकत्र कुटून चाळून घ्या. जायफळ मात्र ऐनवेळी किसून घाला, अर्धं तरी. पुरणपोळीत घालता त्यापेक्षा हात सैल सोडा, कारण एवढ्या फळांत ते दबून जातं. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतलं जायफळ मिळालं तर फारच उत्तम. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाची जातच काढली आहे. लवंगेबाबत हात आखडता ठेवा. एखादी जास्त झाली तरी जीभ बधिर होते आणि बाकी कशाचीच चव लागत नाही.

पुढचं नेहमीच्या केकसारखंच. 150 ग्रॅम मऊ लोणी आणि 125 ग्रॅम गडद ब्राउन साखर हलकी होईपर्यंत फेटा. बाजारातलं पिवळं बटर खारं असतं, ते घेतलंत तर वेगळं मीठ नको. तीन अंडी एकेक करून घाला, फ्रिजमधून काढून तासभर झालेली. मिश्रण फुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं. मग जाळलेली साखर, नंतर 175 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बदामाची पूड, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि मसाला एकत्र चाळून. शेवटी फळं आणि मूठभर चिरलेले काजू किंवा अक्रोड. डाव उचलल्यावर मिश्रण लगेच ओघळता कामा नये, झटका दिल्यावर पडलं पाहिजे.

आता ओटीजी. केक कोरडा होण्याचं दुसरं कारण इथे असतं: साध्या स्पंज केकसारखा 180 अंशांवर भाजणं. या केकमध्ये साखर प्रचंड असते, त्यामुळे मधला भाग शिजेपर्यंत कडा करपून कडक होतात. 150 अंश ठेवा आणि वेळ द्या. लहान ओटीजीत गरम सळ्या केकच्या अगदी जवळ असतात, म्हणून सात इंची गोल भांड्याला आतून बटर पेपरचे दोन थर लावा आणि बाहेरून खाकी कागदाचा दुहेरी पट्टा दोऱ्याने बांधा. कागद भांड्याच्या काठाच्या थोडाच वर येऊ द्या आणि वरच्या किंवा बाजूच्या सळीला कुठेही टेकत नाही ना, हे नीट बघा. जाळी सर्वांत खालच्या खाचेत ठेवा. मिश्रणाच्या मधोमध चमच्याने उथळ खळगा करा, म्हणजे केक वर डोंगरासारखा येत नाही. पहिला तास दार उघडायचं नाही. मग वरचा रंग आला असेल तर फॉइल झाका आणि वरची सळी बंद करता येत असेल तर करा. एकूण पावणेदोन ते सव्वादोन तास लागतात. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात बराच फरक असू शकतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो एकदा घेऊन ठेवा. विणायची सुई मधोमध घालून बघा: ओलं पीठ लागायला नको. बेदाण्याचा चिकटपणा लागला तर तो कच्चेपणा नव्हे.

बाहेर काढल्याबरोबर, केक गरम असतानाच सुईने वर भोकं पाडा आणि तो ठेवलेला संत्र्याचा पाक किंचित कोमट करून तीन-चार चमचे सावकाश मुरवा. नुसता रस मात्र नंतरच्या दिवसांत कधीही घालू नका. रम पाजतात तसा रस पाजला तर बुरशी धरते. पाकात साखर दाट असते म्हणून तो चालतो, तोही एकदाच. केक भांड्यातच पूर्ण गार होऊ द्या.

गार झाल्यावर बटर पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा आणि दोन दिवस कापू नका. भाजलेल्या दिवशी मसाले वेगवेगळे टोचतात आणि तुकडे पडतात. तिसऱ्या दिवशी मसाला बसलेला असतो आणि सुरी स्वच्छ जाते. म्हणजे 25 तारखेला कापायचा तर 22 ला भाजा, 21 च्या रात्री फळं भिजवा. डिसेंबरच्या पुणेरी थंडीत बिनदारूचा केक बाहेर पाच-सहा दिवस बिनधास्त राहतो. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे चौथ्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढा, कारण गार लोण्यामुळे तो उगाच घट्ट लागतो. कापताना दातेरी सुरी घ्या आणि तुकडे पातळच करा. पहिल्यांदा करताना एखाद्या टप्प्यावर अडलात तर खाली लिहा, तेव्हा मिश्रण किंवा फळं कशी दिसतायत तेही सांगा.