गाडीशिवाय जेजू : बसच्या भरवशावर हाल्लासान

प्रश्न : आम्ही नाशिकचे पतिपत्नी आहोत, वये ५८ आणि ५४. गेली अनेक वर्षे सह्याद्रीत भटकतो आहोत. मुलगा नोकरीनिमित्त सोलमध्ये असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्याकडे जाणार आहोत. तेथून दक्षिण कोरियाच्या जेजू या ज्वालामुखी बेटावर चार दिवस काढून हाल्लासान चढावा, अशी फार इच्छा आहे. मात्र भाड्याची गाडी घेतल्याशिवाय जेजूला जाण्यात अर्थ नाही, असे मुलाचे सगळे मित्र सांगतात. आम्ही दोघांनीही रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी गाडी चालवलेली नाही. केवळ सार्वजनिक बसवर विसंबून हा बेत आखावा का?

उत्तर : जरूर आखावा. डोंगर चढणे हाच मुख्य हेतू असेल, तर जेजूमध्ये गाडीवाल्यापेक्षा बसने जाणारा अधिक सोयीत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी ज्या पायथ्याशी लावली, तेथेच तिच्यासाठी परत उतरावे लागते. बसने गेलेल्या माणसाला एका अंगाने चढून दुसऱ्या अंगाने उतरण्याची मुभा असते. कल्याणहून एसटीने वैशाखरे गाठायचे, नाणेघाट चढायचा आणि माथ्यावरच्या घाटघरहून जुन्नरकडे निघायचे, ही रीत आपल्या परिचयाची असणारच. हाल्लासानवर हीच रीत उपयोगी पडते.

त्यासाठी आधी बेटाची ठेवण लक्षात घ्यावी. जेजू पूर्व-पश्चिम सुमारे ७३ किलोमीटर लांब आणि दक्षिणोत्तर सुमारे ३१ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या मध्यभागी उताण्या ठेवलेल्या ढालीसारखा १,९४७ मीटर उंचीचा हाल्लासान आहे. म्हणजे कळसूबाईपेक्षा तो ३०० मीटरने उंच आहे. पातळ लाव्हा दूरवर वाहत जाऊन असा डोंगर घडतो, म्हणून त्याचे उतार समुद्रापर्यंत सावकाश पसरलेले आहेत आणि सारे बेट या एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेले आहे. उत्तरेला जेजू शहर, दक्षिणेला सोग्विपो. या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यांपैकी दोन थेट डोंगराच्या खांद्यांवरून जातात. पूर्वेकडील ‘५१६ रस्त्या’ने २८१ क्रमांकाची बस धावते आणि पश्चिमेकडील ‘११०० रस्त्या’ने २४० क्रमांकाची. चढाईच्या बहुतेक मुख्य वाटा याच रस्त्यांवर सुरू होत असल्यामुळे पायथ्याच्या गावासाठी वेगळी गाडी शोधावी लागत नाही. नेहमीच्या प्रवाशांबरोबर बसायचे आणि मध्येच डोंगरात उतरायचे.

शिखरावर दोनच वाटा जातात : पूर्वेकडून सोंगपानाकची, ९.६ किलोमीटरची, आणि उत्तरेकडून ग्वानउमसाची, ८.७ किलोमीटरची. बहुतेक लोक सोंगपानाकहून चढून सोंगपानाकलाच उतरतात. ग्वानउमसाहून चढावे आणि सोंगपानाकला उतरावे, असे मी आपल्याला सुचवेन. पहिले कारण गुडघ्यांचे आहे. ग्वानउमसाची वाट आखूड पण तीव्र आहे. तामना दरी, सामगाकबोंग या त्रिकोणी सुळक्याखालचा निवारा, त्यापुढे योंगजिनगाक दरीवरचा झुलता पूल आणि मग सलग पायऱ्या, अशी ती चढत जाते. असा चढ दमवतो, पण असाच उतार आपल्या वयात गुडघे मोडतो. सोंगपानाकची वाट लांब असली तरी तिचा उतार सौम्य आहे. दुसरे कारण बसचे आहे आणि ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते. ग्वानउमसाला ४७५ क्रमांकाची बस जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत. सोंगपानाकच्या थांब्यावर मात्र २८१ दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने येत राहते. सकाळी ताजेतवाने असताना वेळापत्रक सांभाळणे सोपे असते. संध्याकाळी पाय बोलू लागल्यावर जेथे बस भरवशाने मिळेल, तेथेच उतरलेले बरे. पहाटे जेजू शहरातून ग्वानउमसापर्यंत टॅक्सी करावी लागली, तर तेवढा खर्च मोकळ्या मनाने करावा.

पहाटेचा आग्रह यासाठी, की ग्वानउमसाच्या वाटेवर सामगाकबोंगचा निवारा आणि सोंगपानाकच्या वाटेवर जिंदाल्लेबातचा निवारा दुपारच्या ठरावीक वेळेच्या आत ओलांडला नाही, तर पुढे सोडत नाहीत. ही वेळ ऋतूनुसार बदलते आणि तिच्या बाबतीत तेथील कर्मचारी कोणाचीही गय करत नाहीत. चढाईला साधारण पाच तास धरून सूर्योदयाच्या सुमारास निघावे. शिखरासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करावी लागते. ती मोफत आहे, परंतु दिवसाला ठरावीक लोकांनाच प्रवेश असल्यामुळे ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी जागा लवकर संपतात. हे काम मुलावर सोपवावे, मधला वार निवडावा आणि चढाईच्या दिवशी पासपोर्ट जवळ ठेवावेत.

ग्वानउमसा या नावाचा अर्थ अवलोकितेश्वराचे मंदिर. कान्हेरीच्या लेण्यांत ज्याची मूर्ती आपण पाहिली असेल, तोच हा बोधिसत्त्व, चीनमार्गे येथवर पोहोचलेला.

पायाखालचा दगडही ओळखीचाच निघेल, कारण तो बेसॉल्ट आहे. मात्र सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तर जेजूचा त्या मानाने अगदी अलीकडचा आहे, इ. स. १००२ आणि १००७ मध्ये येथे उद्रेक झाल्याच्या नोंदी आहेत. हा दगड हातात घेऊन पाहावा : वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली बारीक छिद्रे त्यावर जागोजागी दिसतात आणि त्यांच्या धारदार कडा तळहाताला खरखरीत लागतात. बूट त्यावर छान पकड घेतात, पण कोणी तोल जाऊन हात टेकला तर कातडी सोलून निघते. हा सच्छिद्र, भेगाळ खडक पावसाचे पाणी पटकन खाली मुरवतो, त्यामुळे वाटेवरचे बहुतेक ओढे पाऊस नसताना कोरडे असतात. नकाशावर ओढा दिसतो म्हणून पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. माणशी किमान दोन लिटर पाणी पायथ्यापासूनच घ्यावे.

शिखरावर बेंगनोकदाम, म्हणजे पांढऱ्या हरणाचे तळे, हे विवर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यात थोडेच पाणी असण्याची शक्यता आहे, त्याबद्दल मन खट्टू करून घेऊ नये. उतरताना सारा ओरुमकडे (ओरुम म्हणजे ज्वालामुखीची छोटी टेकडी) जाणारा जेमतेम ६०० मीटरचा फाटा लागतो. वेळ हाताशी असेल तर तेथील विवरातले छोटे तळे जरूर पाहावे.

प्रश्न : हवामान बिघडले किंवा नोंदणी मिळाली नाही, तर काय करावे?

उत्तर : पश्चिमेकडची विसे ओरुमची वाट धरावी. १,७०० मीटर उंचीचे हे पठार पाहिल्यावर शिखर हुकल्याची हळहळ फार वेळ टिकत नाही, आणि त्यासाठी पूर्वनोंदणीही लागत नाही. २४० क्रमांकाच्या बसने योंगशिलला उतरावे. तेथून वरच्या पायथ्यापर्यंत २.४ किलोमीटर डांबरी रस्ता चालावा लागतो. गाडीवाले हे अंतर वाचवतात, एवढाच त्यांचा लाभ. पुढे ३.७ किलोमीटर चढ आहे. वाटेत एका कड्यावर दगडी सुळक्यांची रांग उभी दिसते. तेथील लोक त्यांना पाचशे अर्हत, म्हणजे बुद्धाचे ज्ञानप्राप्त शिष्य, म्हणतात. पठारावरून ४.७ किलोमीटर उतरले की ओरिमोक येते आणि तेथून थोडे चालले की पुन्हा २४० चाच थांबा लागतो. मात्र ही बस साधारण तासातासाने असते, म्हणून सकाळी थांब्यावरच्या वेळापत्रकाचे छायाचित्र काढून ठेवावे. जोराचा पाऊस किंवा वादळी वारा असला तर साऱ्याच वाटा बंद ठेवतात. चार दिवसांपैकी एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवलेला बरा.

प्रश्न : तिकीट, भाषा आणि शाकाहार यांचे काय?

उत्तर : कोपऱ्यावरच्या कोणत्याही छोट्या दुकानात बसभाड्याचे टी-मनी कार्ड मिळते, ते दोघांनी स्वतंत्र घ्यावे आणि रोखीने भरावे. चढताना पुढच्या दारापाशी आणि उतरताना मागच्या दारापाशी, असे दोन्ही वेळा ते यंत्राला लावावे, म्हणजे बस बदलताना सवलत मिळते. बसचा शोध घेण्यासाठी नेव्हर किंवा काकाओ या कोरियन कंपन्यांचे मोबाइलवरचे नकाशे वापरावेत. थांब्यांची नावे कोरियन लिपीत एका कागदावर मुलाकडून लिहून घ्यावीत. चालकाला तो कागद दाखवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

डोंगरावरच्या निवाऱ्यांत खाण्याचे काही विकत मिळत नाही. तेथील लोक गिमबाप, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पातळ पानात गुंडाळलेला भात, घेऊन निघतात; त्यात बहुधा हॅम किंवा अंडे असते, ते वगळून करून मागावे. आपण सरळ घरून दशम्या, चटणी आणि गूळपोळी घेऊन जावे. चार दिवस त्या उत्तम टिकतात. कागद, साली, उरलेसुरले, सगळे पिशवीत घालून खाली आणावे लागते. वाटेवर कचऱ्याची पेटी कोठेही नाही.