घर फैजपूरला, बेस बंगळुरूला

प्रश्न : कॅप्टनकाका, नमस्कार. मी ३२ वर्षांचा, एअरबस ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. सध्या बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते गाव) दिल्ली. बायको यावल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची, वडिलांची सहा एकर केळी. महिन्यातून जेमतेम दोनदा घरी येणं होतं. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक मोठी कंपनी : ए-३२० च, पगार बराच जास्त, बेस बंगळुरू, ‘वर्षभरात मुंबई देऊ’ असं तोंडी सांगितलंय. दुसरी लहान, एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं उडवणारी : पगार कमी, बेस परराज्यात, पण तिचं विमान जळगावला येतं. वडील म्हणतात, जळगावचं विमान सोडू नको. काय करू?
– एक वाचक, फैजपूर

उत्तर : भाऊ, पत्र वाचलं आणि आधी माझी आई आठवली. मी चाळीसगावचा. मुंबई बेस धरून बावीस वर्षं ये-जा केली. बॅग ओट्यावर टेकवायच्या आत आई विचारायची, “उना का भाऊ? आते कव्हय जाशी?” (आलास का? आता कधी जाशील?) तिला फक्त भाकरीच्या पिठाचा अंदाज हवा असायचा. मला मात्र ते दरवेळी लागायचं.

एका वर्षी बायकोने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, मी ज्या रात्री घरी झोपलो त्या तारखांभोवती लाल पेनाने गोल काढले. रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, महिन्याला आठ सुट्ट्या होत्या. गोल कधी पाच, कधी चार, जुलैत तीन. तुम्हाला दोन्ही कंपन्या सुट्ट्यांचा आकडा सांगतील. तो बाजूला ठेवा आणि तिथे आधीपासून असलेल्या कुणाकडून मागच्या तीन महिन्यांची खरी रोस्टरं मागून घ्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी ड्युटी किती वाजता संपते आणि नंतरची किती वाजता सुरू होते, एवढंच बघा.

मुंबईचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि २०२५ मध्ये ते लागूही झालं. ऐकायला दोन दिवस. शुक्रवारी दुपारी तीनला सुटलात तर सातच्या सुमाराची विदर्भ एक्स्प्रेस मिळते, मध्यरात्रीनंतर जळगाव, मग फैजपूर. शनिवार तुमचा. रविवारी तीनचं रिपोर्टिंग असेल तर शनिवारी रात्रीच निघायचं, कारण रविवारी सकाळच्या गाडीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. म्हणजे ४८ तासांतली घरची रात्र धड एकही नाही! हेच शुक्रवारी सकाळी अकराला सुटलात आणि रविवारी संध्याकाळचं रिपोर्टिंग असेल, तर दोन्ही रात्री घरच्या. विश्रांती सहा-सात तासांनीच जास्त, घर वेगळं.

सकाळच्या गाडीवर भरवसा का नाही, तेही सांगतो. कसारा घाटात पावसाने दरड आली आणि आमची गाडी इगतपुरीला तीन तास उभी राहिली. मी दारात उभा, गणवेश बॅगेत, एका हातात भरताचा डबा आणि दुसऱ्यात फोन. क्रू कंट्रोलला कळवलं, स्टँडबायवरचा, म्हणजे राखीव ठेवलेला, मुलगा माझ्या जागी उडाला, मला ताकिदीचं पत्र मिळालं. चूक माझीच होती. पण त्याहून मोठी चूक त्याआधी केली होती, तिचं पत्र मला कुणी दिलं नाही. रात्रभर वरच्या बर्थवर तळमळत येऊन सकाळी सरळ विमानात बसलो होतो. उतरताना को-पायलटने उंची दोनदा सांगितली तेव्हा कुठे डोक्यात शिरली. कंपनीने तुम्हाला दुसऱ्या गावी ड्युटीसाठी प्रवासी म्हणून पाठवलं तर तो वेळ ड्युटीत धरतात. घरून बेसला येण्याचा धरत नाहीत. कागदावर तुम्ही त्या रात्री विश्रांती घेतलेली असते.

अमेरिकेत लांबून ये-जा करणारे वैमानिक खूप. १२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं विमान उतरता उतरता कोसळलं, ५० माणसं गेली. कॅप्टन फ्लोरिडाहून ये-जा करणारा, आणि को-पायलट आदल्या रात्री पार सिएटलहून विमानं बदलत आलेली. अपघाताचं मुख्य कारण विमान स्टॉल होताना (वेग घटून पंखांची उचल तुटताना) कॅप्टनने केलेली उलटी कृती हे ठरलं, पण थकव्याची चर्चा त्यानंतर जगभर झाली.

आता स्टँडबाय. फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळ गाठायचा, म्हणजे फैजपूरला बसून स्टँडबाय होतच नाही. ते दिवस बंगळुरूत चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीतल्या गादीवर काढायचे. नव्याने आलेल्याच्या वाट्याला स्टँडबाय जास्त येतात. महिन्याला किती, ते एकत्र लावतात की विखरून, हे विचाराच. एकत्र असले तर निभतं. खोलीचं भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करा, मग पगाराची तुलना करा.

‘वर्षभरात मुंबई’ हे लेखी नसेल तर ते नाहीच असं धरा. देणारा खोटं बोलतो असं नाही. बेस ज्येष्ठतेने आणि रिकाम्या जागेने मिळतो, आणि बोलणारा माणूस वर्षाने त्या खुर्चीत असेलच असं नाही. शिवाय चूक झाली तर परतीचा रस्ता लांब. फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस, कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाल्यावर वर्षाची. कमांड मिळते तेव्हा तुम्ही कॅप्टनांच्या यादीत पुन्हा तळाला जाता आणि जागा असेल तिथे पाठवले जाता. म्हणून बेसचा निकाल खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी लागायच्या आधी लावून घ्यायचा.

वडिलांचं म्हणणं मला कळतं. मुलगा उडवतो ते विमान आपल्याच गावच्या धावपट्टीवर उतरतंय, बापाला आणखी काय हवं? पण ते विमान जळगावला उतरून अर्ध्या तासात परत निघतं, तुम्ही घरी जात नाही. उरतं सुट्टीच्या दिवशीचं स्टाफ तिकीट, आणि ते जागा उरली तरच. एटीआर-७२ मध्ये जागाच सत्तरच्या आसपास. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो, हवा विरळ होते, विमान कमी वजन उचलतं. मग सर्वांत आधी खाली उतरतो तो स्टाफ तिकीटवाला. आणि जळगावची सेवा थांबून आजवर किती वेळा नव्याने सुरू झाली ते वडिलांनाही आठवत असेल : डिसेंबर २०१७, मग २०१९, मग २०२४. ‘उडान’ योजनेत एका मार्गाला सरकारी भरपाई तीन वर्षांची असते, पुढे मार्ग स्वतःच्या पायावर टिकायला हवा. त्यात एअरबस सोडून एटीआरवर गेलात तर नवं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायची परवानगी), आणि बहुधा त्याचा बाँड, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी न सोडण्याचा करार. एटीआरची उड्डाणं छोटी, बरीचशी दिवसाची असतात हे खरं. मुक्काम बेसच्याच गावात हलवणार असाल तर मी या लहान कंपनीलाच हो म्हटलं असतं.

माझं मत विचाराल तर आज दोघांनाही होकार देऊ नका. सध्याच्या कंपनीत मुंबई बेससाठी अर्ज टाकलाय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. नसेल तर या आठवड्यात टाका. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. माझा अंदाज, मुंबई परिसरात वैमानिकांच्या जागा वाढतील, आणि कल्याणला उतरून तिकडे जाणं आपल्या बाजूच्या माणसाला सांताक्रूझपेक्षा सोपं पडेल. मोठ्या कंपनीला कळवा : मुंबई लेखी द्या, तारखेसह, तर येतो.

बंगळुरूला बिऱ्हाड हलवायचा विचार पत्रात तुम्ही चार शब्दांत लिहून खोडलाय, मला दिसला. जिल्हा परिषदेची बदली फार तर दुसऱ्या जिल्ह्यात होते, कर्नाटकात नाही. सूनबाईंना राजीनामाच द्यावा लागेल. ते खोडलेलं त्यांना दाखवलंय का?