अर्थ ‘निघतो’ की ‘काढला’ जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. संस्थेच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, ‘हिशेब माझ्याकडे होते तोवर चोख होते.’ आता हिशेब पाहणाऱ्या बाईंना ते लागलं. तुमचं म्हणणं, मी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, तर्काने माझ्या वाक्यातून त्यांच्याविषयी काहीही निघत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की रोजच्या बोलण्यातलं, तर्कशास्त्रातलं आणि कायद्यातलं ‘इम्प्लिकेशन’ (एका गोष्टीतून दुसरी निघणं) एकच की वेगवेगळं.

तर्कापुरतं तुमचं बरोबर आहे. पण बाईंचंही बरोबर आहे. शब्द एक असला तरी गोष्टी निदान तीन आहेत, म्हणून दोघंही बरोबर असू शकता.

मी बरीच वर्षं करार आणि कोर्टाचे कागद मराठीत आणायचं काम करतोय. इंग्रजीतल्या या एका शब्दासाठी मला कुठे ‘सूचित’, कुठे ‘ध्वनित’, कुठे ‘निष्पन्न’, कुठे ‘गर्भित’ लिहावं लागतं, आणि आरोपीने जबाबात साथीदाराचं नाव घेतलं असेल तर सरळ ‘गोवलं’. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आत दुमडणं, गुंतवणं असा आहे, म्हणजे ‘गोवणं’च मुळाला सगळ्यात जवळचं. मराठीत आपण म्हणतो ‘यातून असा अर्थ निघतो’, आणि भांडण झालं की म्हणतो ‘तो अर्थ तुम्ही काढलात’. तुमचं भांडण या दोन क्रियापदांमधलंच आहे.

यात वाट काढायला मला एक कसोटी फार उपयोगी पडते: मूळ वाक्य तसंच ठेवून, त्यातून निघालेली गोष्ट मागे घेता येते का?

ही कसोटी मला कशी पटली ते सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका वडीलधाऱ्या अनुवादकांना मी बारा पानांचा मसुदा वाचायला दिला होता. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, ‘शेवटचा परिच्छेद छान उतरलाय.’ घरी येऊन मी पहिली अकरा पानं पुन्हा लिहायला घेतली. सकाळी त्यांचा फोन आला, ‘अहो, काल घाईत फक्त शेवटचा परिच्छेद वाचला होता, बाकीचं आत्ता वाचतोय.’ कालचं वाक्य जसंच्या तसं खरं राहिलं. त्यातून ‘बाकीचं जमलेलं नाही’ असं जे निघत होतं, ते मात्र एका वाक्यात पुसलं गेलं.

बोलण्यातला सूचितार्थ असा पुसता येतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हेच लक्षण पुढे ठेवलं, आणि तर्कशास्त्रातल्या कल्पनेशी गोंधळ होऊ नये म्हणून ‘इम्प्लिकेचर’ असा वेगळा शब्द घडवला. त्याचं म्हणणं असं की ऐकणारा गृहीत धरतो, समोरचा प्रसंगाला धरून आणि पुरेसं बोलतोय. मग जे बोललं गेलं नाही त्यालाही अर्थ येतो. आपल्याकडच्या काव्यशास्त्रात याला व्यंजना म्हणतात. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने दिलेलं उदाहरण आहे, ‘सूर्य मावळला.’ एवढ्याशा वाक्यातून कुणाला ‘काम थांबवा’ ऐकू येतं, तर कुणाला ‘प्रियकराला भेटायची वेळ झाली’.

तर्कशास्त्रात असं पुसणं चालत नाही. ‘सगळी पानं तपासली’ असं म्हटलं की ‘सातवं पान तपासलं’ हे आलंच. ‘सगळी तपासली, पण सातवं राहिलं’ म्हणाल तर पहिलं वाक्यच खोटं पडतं. इथे बोलणाऱ्याचा हेतू, सूर, प्रसंग यांपैकी काहीच विचारात येत नाही.

तर्कशास्त्रातलं जर-तर विधान मात्र नव्याने शिकणाऱ्याला हमखास अडवतं, कारण ते फक्त एकाच परिस्थितीत खोटं ठरतं: पूर्वांग (‘जर’चा भाग) खरं आणि उत्तरांग (‘तर’चा भाग) खोटं असेल तेव्हा. ‘पाऊस आला तर मी छत्री आणीन’ असं मी म्हटलं, पाऊस आलाच नाही, तरी मी छत्री घेऊन आलो. मला खोटारडा म्हणाल का? नाही. पाऊस आला आणि मी हात हलवत आलो, तरच म्हणाल. ही व्याख्या प्राचीन ग्रीसमधल्या फिलोची. त्याचा गुरू डायोडोरस याला ती मान्य नव्हती, आणि वाद इतका गाजला की कवी कॅलिमॅकस म्हणाला, आता छपरांवरचे कावळेसुद्धा कुठलं जर-तर खरं यावर काव काव करतात. विसाव्या शतकात सी. आय. लुईस या तर्कशास्त्रज्ञाने तीच तक्रार पुन्हा केली: पूर्वांग खोटं असलं की कुठलंही जर-तर खरं ठरावं, हे मनाला पटत नाही. मलाही पूर्ण पटत नाही, पण गणिताचं काम त्यावर बिनतक्रार चालतं.

तुम्ही स्वतः एक करून बघा. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं कोडं थोडं मराठी करून देतो. चार पत्त्यांवर दिसतंय: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक. नियम मोडलाय का, हे कळायला कुठले पत्ते उलटायला हवेत? बरेच जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ आहे. ‘४’च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम शाबूत राहतो, ‘७’च्या मागे स्वर निघाला की तो मोडतो. आपण ‘तर’ ऐकतो आणि मनात ‘तरच’ धरतो. रोजच्या बोलण्यात त्यात काही चूक नसते. ‘काम वेळेत संपलं तर सुट्टी देईन’ यातून ‘नाही संपलं तर नाही’ हे सगळ्यांना कळतं. पण ते सूचित आहे, तर्काने निघालेलं नाही. काम संपलं नसतानाही साहेबांनी सुट्टी दिली तर त्यांनी शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही.

आता कायदा. इथे ‘गर्भित’ म्हणजे बोलणाऱ्याने सुचवलेलं नाही आणि वाक्यातून तर्काने निघणारंही नाही. १८८९ चा एक इंग्लिश खटला आहे, ‘द मूरकॉक’. थेम्स नदीवरच्या धक्क्याच्या मालकांनी या नावाच्या जहाजाला माल उतरवायला जागा दिली. ओहोटीला पाणी उतरल्यावर जहाज तळावर टेकणार हे दोघांनाही माहीत होतं. ते टेकलं, खाली कठीण उंचवटा होता, जहाजाचं नुकसान झालं. तळ सुरक्षित असल्याचा शब्द करारात कुठेच नव्हता. कोर्टाने म्हटलं, तळाची वाजवी खबरदारी घेतलेली आहे हे या करारात गर्भित आहे, नाहीतर या व्यवहाराला अर्थच राहत नाही.

हे वाचताना मला मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनातल्या पंडितांचा, देवदत्त आठवतो. ‘धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही.’ तर मग तो रात्री जेवत असला पाहिजे, एरवी वाक्याची संगतीच लागत नाही. याला ते अर्थापत्ती म्हणतात आणि ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात; नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनातले तर्कपंडित, ती अनुमानातच घालतात. मूरकॉकचा निकाल म्हणजे कराराला लावलेली अर्थापत्ती, असं माझं मत आहे. मात्र इथेही मागे घेता येतं, पण आधीच: ‘तळाची जबाबदारी आमची नाही’ असं करारात स्पष्ट लिहिलं असतं तर ही गर्भित अट सहसा उभी राहिली नसती. जहाज टेकल्यावर ते सांगून उपयोग नाही.

पण कायदा सगळीकडे एकाच कानाने ऐकत नाही, आणि तुमच्या प्रश्नाला हेच लागू पडतं. अमेरिकेत ब्रॉन्स्टन नावाच्या चित्रपट निर्मात्याला दिवाळखोरीच्या सुनावणीत शपथेवर विचारलं, स्विस बँकेत तुमची खाती आहेत का? ‘नाही.’ कधी होती का? ‘कंपनीचं खातं सहाएक महिने होतं, झुरिकला.’ कंपनीचं होतं हे खरंच होतं. स्वतःचंही पूर्वी होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. ऐकणाऱ्याला वाटणार, वैयक्तिक खातं नव्हतं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की ही खोटी साक्ष नव्हे; उत्तर निसटतं असेल तर नेमका प्रश्न पुन्हा विचारणं हे वकिलाचं काम. बदनामीच्या कायद्यात मात्र उलट. तिथे सामान्य, समंजस वाचक त्या शब्दांतून काय घेईल हे पाहतात, आडून सुचवलेलंही धरतात. ‘मी नाव घेतलं नव्हतं’, ‘माझा तसा हेतू नव्हता’ एवढ्यावर सुटका होत नाही.

तुमच्या वाक्यावर कुणी कोर्टात जाईल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही शपथेवरच्या साक्षीदाराचा बचाव घेताय, आणि लिहिलंत मात्र अशा ग्रुपवर जिथे आजचे हिशेब कुणाकडे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे ‘माझ्याकडे होते तोवर’ या तीन शब्दांचं दुसरं काही काम मला दिसत नाही.

ते मागे घेता येईल. त्याच ग्रुपवर एक ओळ लिहा: ‘माझ्यानंतरचे हिशेब मी पाहिलेले नाहीत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.’ तुमचं मूळ वाक्य खरंच राहील. फक्त तुम्ही ते हिशेब खरोखर पाहिलेले नसाल तरच ही ओळ लिहा. पाहिले असतील आणि काही खटकलं असेल, तर कुठल्या महिन्याच्या कुठल्या नोंदीत काय खटकलं ते बाईंना आधी स्वतः भेटून सांगा.