स्वस्तातले व्हॅक ड्रेसिंग: नव्या निवासी डॉक्टरांसाठी

व्हॅक ड्रेसिंग म्हणजे जखमेवर फोम ठेवून, वरून फिल्मने हवाबंद करून, सक्शनने उणे दाब (ओढ) देणारे ड्रेसिंग. भिंतीवरचे सक्शन, निर्जंतुक फोम, रायल्स ट्यूब (एरवी नाकातून जठरात घालायची नळी) आणि पारदर्शक चिकट फिल्म एवढ्या साहित्यात हे ड्रेसिंग उत्तम होते. महागड्या यंत्रावाचून अडत नाही. मात्र मृत ऊती काढल्याशिवाय फोम ठेवणे म्हणजे घाण झाकणे होय.

नवखे सर्वाधिक चुकतात ते फिल्म लावताना. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने ती लवकर सुटते, म्हणून भोवतालचे केस काढून त्वचा पूर्ण कोरडी करावी, फिल्म जखमेच्या कडेपलीकडे तीन ते पाच सेंटिमीटर जाऊ द्यावी आणि सक्शन सुरू होताच फोम आक्रसून कडक झाला का, हे बोटाने चाचपावे. बारीक शिट्टीसारखा आवाज आला, तर हवा शिरते आहे.

एवढे सांभाळा:
- दाब उणे 125 मिलिमीटर पारा ठेवावा. जास्त दाबाने जखम लवकर भरते, हा गैरसमज आहे.
- फोमचे तुकडे मोजून केसपेपरवर लिहावेत.
- ड्रेसिंग 48 ते 72 तासांनी बदलावे.
- उघडी रक्तवाहिनी किंवा कर्करोगाची जखम असल्यास हा उपाय नकोच.

सक्शन सतत न ठेवता अधूनमधून देण्याची पद्धत तूर्त बाजूला ठेवा. सक्शनच्या बाटलीत ताजे रक्त दिसताच सक्शन बंद करून, जखमेवर हाताने दाब देऊन वरिष्ठांना बोलवावे.